क्रीडाकौशल्याचा विद्यापीठप्रवेश

खेळ रचण्याची विद्या विद्यापीठात शिकवावी की नाही, या प्रश्नावर सुशिक्षित घरांत हल्ली बराच खल होताना दिसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने अ‍ॅनिमेशन, संगणकीय खेळ, आभासी वास्तव इत्यादी कलांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे, २०५० पर्यंतचे धोरण मंजूर केले; त्यापूर्वी दोनच महिने मुंबईस पेडर रोडवर 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज' या संस्थेचे दार उघडले होते. मुलाच्या हातून मोबाईल काढून घेणे हा ज्या घरी बापाचा नित्यनेम, त्याच घरी मुलगा आता खेळाचा पदवीधर होऊ म्हणतो. बापाची त्रेधा उडावी यात नवल नाही. महाविद्यालयात पुष्कळ वर्षे शिकवीत असल्यामुळे असे पालक आमच्याकडेही येतात, आणि ते केवळ पुण्या-मुंबईचेच असतात असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीसारख्या, जेथून बल्लारशाचे रेल्वेस्थानक गाठावयास शंभराहून अधिक किलोमीटर मोटारीने जावे लागते अशा अरण्यातील गावाहूनही ही पृच्छा आम्हास आलेली आहे. 'हे शिक्षण की उनाडकी?' असा तिचा मथितार्थ. उत्तर देण्यापूर्वी या विद्येची कुळकथा पाहणे इष्ट. कारण ती वाटते तितकी अर्वाचीन नाही, आणि वाटते तितकी परदेशीही नाही.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. खेळाची रचना म्हणजे यंत्राला आज्ञा लिहिणे नव्हे. ते काम संगणकवाल्याचे. क्रीडारचनाकार नियम करतो: कोणी कोठून आरंभ करावा, कोणाला काय करण्याची मुभा, काय केल्यास काय भोगावे लागेल, आणि डाव कोठे संपावा. दुसरा शब्द निमज्जनाचा. डोळ्यांवर जो जाड चष्मा चढवितात, त्यात दोन्ही डोळ्यांपुढे किंचित भिन्न अशी दोन चित्रे असतात. त्यांच्या मीलनाने खोलीचा भास होतो. मान वळली की यंत्र ते वळणे मोजून निमिषार्धात नवे चित्र रेखाटते. हे रेखाटन जरा मागे पडले की माणसास बोट लागल्यासारखी मळमळ सुटते. म्हणजे या मायेचा पाया अगदी काटेकोर गणितावर आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

नियमांतून अर्थ कसा बोलतो, याचे आपल्याकडील उत्तम उदाहरण मोक्षपट होय. ज्ञानेश्वर महाराजांनी तो रचला अशी आख्यायिका महाराष्ट्रात आवडीने सांगतात. तिला समकालीन पुरावा नाही. उपलब्ध जुने पट पुष्कळ अलीकडचे आहेत, आणि जैन व वैष्णव अशा दोन्ही संप्रदायांत ते आढळतात. कर्ता कोणीही असो, त्याची बुद्धी मात्र असामान्य होती. या खेळात खेळणाऱ्याला निवड करण्यास काही वावच नाही. कवड्या पडतील तितकी घरे चालावयाची. सद्गुणाच्या घरी शिडी, दुर्गुणाच्या घरी सर्प. आपण चढतो तेव्हा ती आपली हुशारी नसते, आणि घसरतो तेव्हा कोणास दोष देता येत नाही. कर्मविपाकाचा सिद्धान्त दहा व्याख्यानांनी जितका गळी उतरणार नाही तितका तो एका डावात उतरतो, कारण श्रोता येथे ऐकत नाही, भोगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच पट विलायतेस जाऊन तेथील बालकांचे सापशिडीचे खेळणे झाला आणि कालांतराने घरांवरची नावेही गळाली. सोंगटी राहिली, तत्त्वज्ञान गेले. नियम तेच ठेवूनही खेळ निरर्थक कसा होतो, याचा याहून चांगला पाठ कोणत्याही नव्या अभ्यासक्रमात सापडणार नाही.

खेळ हा विद्वानांनी लिहिण्याचा विषय आहे, हेही आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' बाराव्या शतकाच्या दुसऱ्या पादातला. महाराष्ट्रातील स्त्रिया गात असत त्या मराठी पदांच्या नोंदीमुळे भाषाभ्यासकांस तो परिचित आहे. परंतु वीस वीस अध्यायांच्या त्याच्या पाच भागांपैकी एक संपूर्ण भाग केवळ क्रीडांना वाहिलेला आहे, इकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. चतुरंग व फासे यांच्या जोडीस तेथे वनक्रीडा आहे, वाळूतील क्रीडा आहे, चांदण्यातील क्रीडाही आहे. खेळाची जागा, प्रकाश आणि ऋतू हेही रचनेचेच अंग मानणारा हा राजा आजच्या निमज्जनवाद्यांचा पूर्वसूरी ठरावा. पैठणहून काशीस गेलेल्या भट्टकुलातील नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात आपल्या धर्मशास्त्रविषयक महाग्रंथात राजनीतीच्या ओघात बुद्धिबळाचे नियम दिले, तेही याच परंपरेस धरून.

या मालिकेतील शेवटचा मोठा पुरुष आम्हास सर्वांत मनोवेधक वाटतो. औरंगाबादचे ज्योतिषी हरिकृष्ण व्यंकटराम यांनी १८७१ मध्ये 'बृहज्ज्योतिषार्णव' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील एका प्रकरणाचे नाव 'क्रीडाकौशल्य'. पुढे ते मुंबईस स्वतंत्रपणे छापलेही गेले. बुद्धिबळाचे नाना प्रकार, चौपट, गंजिफा, ज्ञानाचा पट असे घरीदारी चालणारे खेळ त्यात पट-सोंगट्यांसह वर्णिले आहेत. ग्रहगणिताच्या ग्रंथात खेळांना स्थान का, असे कोणी विचारील. आम्हास तरी हे साहचर्य स्वाभाविक वाटते. ग्रहगणितात आणि खेळात दोहोंतही आधी आखलेली घरे असतात, ठरलेल्या गती असतात, आणि त्यांतून मनुष्याच्या वाट्याला काय येते हे पाहावयाचे असते. शास्त्रीबुवांना खेळ क्षुल्लक वाटला नाही एवढे निश्चित.

आता याच काळात मुंबईत काय चालले होते ते पाहा. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले. १८६२ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींची पहिली तुकडी पदवीधर झाली. इंग्रजी वाङ्मय, गणित, इतिहास, तर्क, अभिजात भाषा अशी विषयांची मांडणी लंडनच्या नमुन्यावर झाली, आणि त्या मांडणीत जे नव्हते ते ज्ञानच नव्हे, अशी समजूत आम्हा इंग्रजी शिकलेल्यांच्या मनात पक्की बसली. क्रीडाशास्त्राला विद्यापीठाने हाकलून दिले असे म्हणता येणार नाही. त्याने ते दारात उभे असलेले पाहिलेच नाही. मग त्या विद्येने निराळा आश्रय शोधला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. बडोद्यास द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायामज्ञानकोश' दहा खंडांत पुरा केला. गावागावांतून निरनिराळ्या रीतीने चालणाऱ्या खेळाला एक मैदान, ठरावीक गडी आणि ठरावीक वेळ लावून देणे ही शुद्ध क्रीडारचनाच होय. परंतु ती करणाऱ्यांस कोणी पंडित म्हटले नाही.

युरोपातही हा विषय सरळ मार्गाने विद्यापीठात शिरलेला नाही. प्रशियाच्या सैन्याने १८२४ च्या सुमारास नकाशावर ठोकळे मांडून युद्धाचा खेळ अधिकाऱ्यांस शिकविण्यास आरंभ केला. खेळ हे गंभीर शिक्षणाचे साधन आहे, ही कबुली प्रथम लष्कराने दिली. लायडनचे प्राध्यापक हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये, खेळ हा संस्कृतीचा अलंकार नसून तिचा उगम आहे, असा सिद्धान्त मांडला. पुढे यंत्र आले. १९५२ मध्ये केंब्रिजच्या डग्लसने मनुष्य आणि संगणक यांच्या व्यवहारावरील आपल्या प्रबंधासाठी फुली-गोळ्याचा खेळ यंत्रावर चढविला. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेतील विद्यार्थ्यांनी 'स्पेसवॉर' रचला. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंडने डोक्यावर धारण करावयाचे दर्शनयंत्र सिद्ध केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. ही सर्व अपत्ये विद्यापीठांच्याच आवारात जन्मली, पण वर्गात त्यांना जागा नव्हती.

ती जागा मिळाली १९९७ मध्ये, आणि तीही ऑक्सफर्डला किंवा हार्वर्डला नव्हे, तर स्कॉटलंडमधील डंडी गावी. संगणकीय खेळांची विद्यापीठीय पदवी प्रथम देण्याचा मान तेथील अबर्टे विद्यापीठाला सामान्यतः देतात. डंडी हे तागाच्या गिरण्यांचे शहर. बंगालचा ताग तेथे जाई आणि गोणपाट होऊन जगभर फिरे. कलकत्त्याच्या गिरण्यांनी तो धंदा ओढून घेतल्यावर गावाला उतरती कळा लागली. मग टायमेक्स या घड्याळाच्या कंपनीच्या तेथील कारखान्यात १९८२ पासून सिंक्लेअरचा स्वस्त घरगुती संगणक तयार होऊ लागला. कारखान्यातील बायाबापड्यांच्या घरांत तो सहजी पोहोचला, आणि त्यांची पोरे त्यावर खेळता खेळता खेळ करू लागली. त्यांपैकी काहींच्या मंडळीने १९९१ मध्ये 'लेमिंग्ज' हा खेळ काढला, तो जगभर खपला. १९९३ मध्ये मोठ्या संपानंतर कारखाना बंद झाला; परंतु तोवर गावात एक नवी कारागिरी रुजली होती, आणि चार वर्षांनी विद्यापीठाने तिला पदवी दिली. अभ्यासक्रम आधी आणि कसब मागून, असा क्रम तेथे नव्हता. गावात जे होते त्याचे विद्यापीठाने शास्त्र केले. या क्रमाचे महत्त्व पुढे कळेल.

निमज्जनाची आवड मात्र मराठी माणसास शिकवावी लागली नाही. १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिके'चे प्रयोग आरंभिले. शंबरासुर हा मायावी, म्हणून शांबरिक. खरोलिका म्हणजे दिवा. मॅजिक लँटर्नला इतके देखणे नाव दुसऱ्या कोणत्या भाषेने दिले असेल, याची आम्हास शंका आहे. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्यापुढून इतक्या चलाखीने बदलीत की पडद्यावरील पात्रे हालचाल करीत, आणि बाजूने संवाद व गाणी चालत. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' अजून एकवीस वर्षे दूर होता. पुढे १९५४ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलाने टिळक रस्त्यावरील आपल्या शाळेत तारांगण उभारले. ते देशातील पहिले मानले जाते. अंधाऱ्या घुमटाखाली बसलेल्या मुलांभोवती आकाश फिरविणे, हे निमज्जनतंत्राने दिलेले शिक्षणच होते, आणि ते एका मराठी शाळेने दिले, विद्यापीठाने नव्हे.

विद्यापीठांकडे वळावे तर मुंबईच्या आय.आय.टी.त अभिकल्पाचे केंद्र १९६९ मध्ये निघाले. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने पुढे डिजिटल खेळांच्या रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. पुण्यानजीक फुरसुंगी येथे २००८ मध्ये एका बांधकाम-व्यावसायिक समूहाने फ्रान्समधील संस्थेच्या सहकार्याने अ‍ॅनिमेशन व क्रीडारचनेची शाळा थाटली. तेथील पाच वर्षांचा क्रम कसून शिकविला जाई. परंतु तो समूह आर्थिक संकटात सापडल्यावर दशकभराच्या सुमारास शाळाही मिटली, आणि मध्येच अडकलेल्या विद्यार्थ्यांची परवड झाली. शिक्षणाच्या बऱ्यावाईटपणाशी या मिटण्याचा संबंध नव्हता. म्हणूनच पालकांस आमचे सांगणे असते, की इमारत आणि यंत्रे पाहून भुलू नये; पदवी कोण देतो, आणि उद्या चालक गेला तर ती देणारा कोण उरतो, हे आधी विचारावे. शिवाय या विषयातील यंत्रे पाच वर्षांत जुनी होतात. ज्या अभ्यासक्रमात गणित, चित्र, कथारचना आणि जुन्या खेळांचे परीक्षण नाही, केवळ अमुक एक संगणकप्रणाली चालविणे आहे, तो कारागीरही धड घडवीत नाही.

आता आलापल्लीचा प्रश्न. अहेरी तालुक्यातील हे गाव सागवानासाठी प्रसिद्ध. येथील 'वनवैभव' या जुन्या वनखंडास २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. गावात मराठी, तेलुगू आणि माडिया-गोंडी अशा तिन्ही भाषा कानी पडतात. १९८२ मध्ये चंद्रपुरातून फुटून गडचिरोली जिल्हा झाला आणि २०११ मध्ये या दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ निघाले. म्हणजे येथील मुलाला आपल्या भागाचे विद्यापीठ मिळून अद्याप फार काळ लोटलेला नाही. त्याला अभिकल्पाची पदवी घ्यावयाची तर आय.आय.टी.ची प्रवेशपरीक्षा इंग्रजीत द्यावी लागते, आणि ती द्यावयास नागपूर गाठावे लागते. पूर्वी आम्हास शिष्यवृत्ती हे याचे उत्तर वाटे. ती हवीच, पण तेवढ्याने खरा प्रश्न सुटत नाही, असे आता आमचे मत आहे.

खरा प्रश्न असा, की अरण्याचा खेळ कोण रचणार? तो रचला जाणार यात संदेह नाही. संगणकीय खेळांतील रानाचा साचा ठरलेला आहे: गर्द हिरवळ, झेप घेणारा वाघ, झुडपाआडून बाण सोडणारा रानटी मनुष्य. आलापल्लीचे पोर हे पाहून हसेल. त्याला माहीत आहे की येथील सागाचे रान उन्हाळ्यात हिरवे नसते. मोठाली पाने गळून जमिनीवर कडक वाळतात, आणि त्यांवरून चालणारे जनावर दिसण्याआधी कितीतरी वेळ ऐकू येते. त्याला मोहाची फुले पहाटे गळतात हे ठाऊक असते, आणि ती वेचणारा माणूस अंधारात कशाच्या आवाजाला भितो हेही. आभासी वास्तवाच्या शास्त्रात आवाजाची दिशा हा अवघड विषय गणला जातो. या मुलाला तो कानाने येतो. इंद्रावतीपलीकडील बस्तरातल्या मुरिया लोकांवर व्हेरिअर एल्विनने १९४७ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात घोटुलातील मुलामुलींचे खेळही त्याने टिपून ठेवले. ती नोंद मोलाची आहे; तथापि ती पाहुण्याने केलेली नोंद आहे, आणि ती इंग्रजीत आहे. पुढची नोंदही पाहुण्यानेच करावी काय? आलापल्लीचा मुलगा मुंबईस जाऊन चष्म्याचे तंत्र शिकला आणि परत येताना आपल्याच रानाकडे त्या साचेबंद डोळ्यांनी पाहू लागला, तर एक पदवीधर वाढेल खरा, पण डंडीत घडले ते येथे घडणार नाही.

येथे कोणी म्हणेल, की रानातल्या ज्ञानाचा खेळ करून पोट भरेल काय? मनोरंजनाचा बाजार लहरी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु खेळांचा उपयोग मनोरंजनापुरता उरलेला नाही. आंध्र प्रदेशातील खेड्यांतून गेल्या दशकात संशोधकांनी भूजलाचा एक खेळ गावकऱ्यांकडून खेळवून घेतला. प्रत्येकाने हंगामाचे पीक निवडावयाचे, जास्त पाण्याचे की कमी पाण्याचे. सर्वांच्या निवडीनुसार जमिनीखालचे पाणी घटावयाचे किंवा टिकावयाचे. आधी न बोलता डाव, मग बोलून डाव. खेळ संपल्यावर गावकऱ्यांत आपल्या खऱ्या विहिरींविषयी चर्चा सुरू होई. मोक्षपटात निवडीला वाव नाही, येथे सारे काही निवडीवर. पण नियमांनी माणसाला विचारास लावण्याची युक्ती तीच.

गडचिरोलीच्या रानात असा खेळ जवळजवळ तयारच आहे. तेंदूच्या झुडपांची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, मे महिन्यात कोवळी पाने तोडतात, आणि सारा हंगाम काही आठवड्यांत आटोपतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; तेथे बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत आहे, आणि एकाचाही विरोध असेल तर बोलणे पुढे चालूच राहते. रोपटे किती ओरबाडावे, पाने ठेकेदारास कोणत्या भावाने द्यावीत, शेजारच्या गावाने हद्द ओलांडली तर काय करावे, आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत हंगाम निसटून गेला तर काय, हे सर्व त्या डावात आहे. त्यात नशीब आहे, कारण अवकाळी पाऊस येतो, निवडही आहे. तो कागदावर आखून चार सोंगट्यांनी खेळता येईल, आणि चांगला उतरला तर पुढे यंत्रावर चढविता येईल. अहेरी किंवा आलापल्लीच्या एखाद्या महाविद्यालयाने मराठीच्या, गणिताच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस एकत्र बसवून, पाने तोडणाऱ्या चार बायकांना नियम तपासावयास बोलावून, येत्या तेंदूच्या हंगामाआधी एवढा एक पट तयार करून पाहावयास हरकत नसावी.